बी, माती आणि गाठीचा कडकपणा

बोटाला दगडासारखी लागणारी गाठ वाईट, हे वैद्यांना फार जुन्या काळापासून ठाऊक होते. ग्रीक वैद्य तिला ‘स्किरॉस’ म्हणत, म्हणजे कठीण. पण हा कडकपणा रोगाची केवळ खूण मानला गेला. तो रोग वाढवतही असेल, ही शंका फार उशिरा आली.

१८८९ साली लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग यकृतात वारंवार पसरतो, प्लीहेत क्वचित. हा योगायोग नव्हे, असे त्यांनी मांडले. बी सगळीकडे पडते, पण मानवेल त्याच जमिनीत रुजते. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागले नसते! संशोधकांनी मात्र पुढची बरीच दशके बियाणेच तपासले, आणि कर्करोगाचे लोकप्रिय इतिहासही जनुकांपाशीच रेंगाळतात. मला ते एकांगी वाटतात.

मातीकडे लक्ष वळवणाऱ्यांत बर्कलीच्या मीना बिसेल अग्रणी. १९९७ साली त्यांनी आणि व्हॅलेरी वीव्हर यांनी स्तनाच्या कर्कपेशींची भोवतालच्या जाळीवरची पकड एका प्रतिपिंडाने सैल केली. जनुकांतले बिघाड तसेच राहिले, तरी पेशी शहाण्यासारख्या गोल रचनेत बसल्या. २००५ मध्ये वीव्हर यांच्या गटाने दाखवले की मऊ जेलवर नीट वागणाऱ्या निरोगी पेशीसुद्धा कडक जेलवर शिस्त सोडतात. आधार ताठ असला की पेशी त्याला जोर लावून ओढते, आणि त्या ताणातून आत वाढीचे संदेश जातात.

मग ही माती काढूनच टाकली तर? स्वादुपिंडाच्या गाठीत तंतुमय ऊती इतकी दाट असते की रक्तवाहिन्या चेपतात, औषध आत पोचत नाही. २००९ मध्ये उंदरांत ही ऊती विरळ केल्यावर औषध पोचले, उंदीर अधिक जगले. त्याच जातीच्या औषधाची माणसांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये थांबवावी लागली. ते घेणारे रुग्ण लवकर दगावत होते. कारण २०१४ च्या उंदरांवरील प्रयोगांत उमगले: ऊती नाहीशी केली की गाठ अधिक आक्रमक होते. कोंडणारे तेच कुंपण रोगाला आवरतही होते.

त्यामुळे काही संशोधक कुंपण न पाडता ते सैल करू पाहतात. बॉस्टनच्या राकेश जैन यांच्या गटाने २०१३ मध्ये त्यासाठी निवडले लोसार्टन, रक्तदाबाची साधी गोळी. उंदरांत तिने तंतूंचा दाब उतरवला, चेपलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडल्या आणि औषध गाठीत शिरले.