अंगणातला आंबा आणि मोरचुदाची गोष्ट



आमच्या अंगणात आजोबांनी लावलेले दोन आंबे होते. आता एकच आहे. दुसरा माझ्या चुकीनं गेला. ती चूक सांगायची तर आधी फ्रान्सला जावं लागतं.

1878 च्या सुमारास अमेरिकेतून आलेला केवडा रोग फ्रान्सच्या द्राक्षबागांत शिरला. आपले द्राक्षवाले त्यालाच डाऊनी म्हणतात. बागा उघड्या पडायला लागल्या. 1882 ला बोर्डो गावचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे मेडॉक भागातून चालले होते. सगळीकडं पानगळ, पण रस्त्याकडेच्या ओळी तेवढ्या हिरव्या. त्यांनी चौकशी केली. येणारेजाणारे द्राक्षं तोडतात म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडलं होतं. विष मारलंय असं वाटून कुणी हात लावू नये, एवढ्यासाठीच. मिलार्देंनी प्रयोग करून 1885 ला ते जगापुढं मांडलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण. पुढं मैसूर संस्थानात कोलमन नावाच्या शास्त्रज्ञानं सुपारीच्या कोळेरोगावर ते वापरात आणलं.

मोरचूद तर सगळ्यांकडंच होता. त्या माणसानं नीट बघितलं आणि विचारलं, मोठेपण त्यात आहे.

मी बघितलं नाही. पहिल्या आंब्याच्या खोडातून डिंक यायला लागला, मी म्हटलं उन्हाचा असेल. त्यावरच गेरू-चुना फासला. झाड दिसायला झ्याक. दोन वर्षांत शेंडे वाळत वाळत खाली आले. साल काढून बघितली तेव्हा आतलं लाकूड काळं पडलेलं. झाड तोडलं त्या दिवशी आई घरातून बाहेर आली नाही.

मागच्या पावसाळ्यात दुसऱ्यालाही डिंक दिसला. या खेपेला आधी बघितलं. खोडाला भोक आणि बुडाशी भुसा असेल तर तो खोडकिडा, त्याचा इलाज वेगळा. इथं भुसा नव्हता. साल काळी, दाबली की मऊ, आणि दोन फांद्यांचे शेंडे वाळलेले. म्हणजे बुरशीचा डिंक्या.

वाळक्या फांद्या खाली वीतभर हिरव्या लाकडापर्यंत कापल्या. खोडाची कुजकी साल चांगलं लाकूड लागेपर्यंत खरवडली, खरवड जाळून टाकली. मग बोर्डो पेस्ट: एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना. अर्ध्या पाण्यात एक, अर्ध्यात दुसरा, प्लास्टिकच्या भांड्यात, मग दोन्ही एकत्र. त्यात विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घालायचा. त्याच दिवशी लावून संपवायचं.

एक ध्यानात ठेवा. पेस्ट म्हणजे कुलूप. चोर आत असताना बाहेरून कुलूप लावून उपयोग नाही. मी गेरू-चुन्याचं तेच केलं होतं.

यंदा आंब्याला पालवी चांगली आहे. एक फांदी अजून रुसलेली आहे, तिच्याकडं रोज सकाळी बघतो. तुम्हीही आज आपल्या दारच्या झाडाखाली जरा उभं राहा, आधी बुडाकडं बघा, मग शेंड्याकडं.