गाठीची पुंजी आणि सरकारी आसरा

ज्याच्या नावावर एखादे घर आहे त्याने सरकारी घरात राहावे काय, आणि ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत त्याने सरकारी मदत घ्यावी काय, हा प्रश्न वरवर पाहता एका शब्दात सुटण्यासारखा वाटतो. परंतु ज्या ब्रिटनमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्ष कारभाराचा विषय होऊन बसला आहे, तेथील इतिहास पाहिला म्हणजे तो एका शब्दाचा नाही हे ध्यानात येते. गरीब कोणाला म्हणावे आणि मदतीसाठी माणसाने आपला संसार कितपत उघडा करून दाखवावा, यासंबंधीची तेथील कल्पना वारंवार पालटत आली आहे.

१८३४ च्या गरिबांच्या कायद्याने या प्रश्नाचे अत्यंत कठोर उत्तर दिले होते. मदत घेणाऱ्याची स्थिती स्वकष्टाने जगणाऱ्या हलक्यातल्या हलक्या मजुराहूनही कमी सुखाची असावी, हे त्या कायद्याचे सूत्र. त्यासाठी ‘वर्कहाउसे’ उभारली गेली. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि मुले तिसरीकडे, अशी व्यवस्था असे. वर्कहाउसात पाऊल टाकणे म्हणजे आपले बिऱ्हाड मोडणे. तेव्हा मालमत्ता राखून मदत घेण्याचा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

या विचाराला पहिला मोठा छेद १९०८ च्या वृद्धवेतनाच्या कायद्याने दिला. ७० वर्षे वयाच्या वृद्धाला आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. उत्पन्नाची अट होतीच; वर्षाला २१ पौंडांपर्यंत उत्पन्न असेल त्यालाच पूर्ण रक्कम मिळे. तथापि १९०९ च्या पहिल्या दिवसापासून हे पैसे पोस्टाच्या खिडकीवर मिळू लागले, वर्कहाउसाच्या दारात नव्हे. ‘तुझ्यापाशी काय आहे?’ हा प्रश्न तोच राहिला. पण तो विचारण्याची रीत बदलली.

याच सुमारास घरांचा प्रवाह वेगळा वाहू लागला. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना चांगली घरे देण्याचे वचन सरकारने दिले होते. १९१९ मध्ये आरोग्यमंत्री ख्रिस्टोफर ॲडिसन यांच्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांना सरकारी पैशाच्या आधारावर घरे बांधण्यास लावले. ५ लाख घरांचा संकल्प होता. त्यांपैकी निम्मीही उभी राहिली नाहीत. पण कौन्सिलने घर बांधावे आणि सामान्य कुटुंबाने ते रास्त भाड्याने घ्यावे, ही रीत रूढ झाली. घर मागणाऱ्याची निकड पाहायची आणि पैसा मागणाऱ्याची ऐपत पाहायची, अशी ही दोन निरनिराळी मापे होती.

ऐपतीचे माप किती निर्दय होऊ शकते, हे १९३१ साली दिसले. बेकारांची संख्या २५ लाखांवर गेली. ज्यांचा विम्याचा हक्क संपला होता त्यांच्यासाठी त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून ‘मीन्स टेस्ट’ म्हणजे ऐपतीची चौकशी लागू झाली, आणि तीही एकट्या बेकाराची नव्हे, तर सबंध घराची. मुलाची मजुरी, मुलीचा पगार, म्हाताऱ्या बापाचे वेतन, बचत, सारे हिशेबात धरून बेकाराचा भत्ता कापला जाई. परिणाम असा झाला, की कमावत्या मुलाने वेगळी खोली घेऊन राहावे हे घराच्या फायद्याचे ठरू लागले. या चौकशीने कुटुंबे कशी फुटत होती, याची नोंद जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३७ मधील आपल्या पुस्तकात केली आहे. ज्याने काटकसरीने दोन पैसे मागे टाकले त्याला कमी, आणि ज्याने सारे उडवले त्याला पूर्ण, असा उलटा न्याय झाला. ही चीड सहजासहजी विरली नाही. १९४१ मध्ये, ऐन युद्धात, सबंध घराच्या चौकशीची ही पद्धत रद्द करण्यात आली. आणि ५ जुलै १९४८ रोजी गरिबांचा जुना कायदाच इतिहासजमा झाला. माणूस ज्यात स्वतः राहतो ते त्याचे घर मदतीच्या हिशेबात धरू नये, हे तत्त्व नव्या व्यवस्थेने मान्य केले. १९४९ मध्ये अन्यूरिन बेव्हन यांच्या कारकिर्दीत कौन्सिलची घरे केवळ ‘श्रमिक वर्गा’साठी असावीत, हे बंधनही गेले.

१९८० च्या कायद्याने भाडेकरूला आपले कौन्सिलचे घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. लाखो कुटुंबे मालक झाली. पण गेलेल्या घरांच्या जागी तितकी नवी घरे आली नाहीत आणि प्रतीक्षेची रांग लांबत गेली. मग जुना प्रश्न धारदार होऊन पुढे आला: अन्यत्र घर असलेल्याने कौन्सिलचे घर अडवावे काय? इंग्लंडच्या कायद्याचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. दुसरे घर नावावर आहे एवढ्यावरून भाडेकरूचे संरक्षण जात नाही. कौन्सिलचे घर हेच त्याचे एकमेव किंवा मुख्य राहते घर असले पाहिजे, एवढी अट आहे. नव्याने घर मागणाऱ्याला मात्र अनेक कौन्सिले मालमत्तेच्या कारणाने यादीत घेत नाहीत. आणि मिळालेले घर चोरून दुसऱ्याला भाड्याने देणे हा २०१३ च्या कायद्याने फौजदारी गुन्हा ठरला आहे.

पैशाच्या मदतीचा हिशेब याहून कडक आहे. २०१३ पासून सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मध्ये ६,००० पौंडांपर्यंतची पुंजी सोडून दिली जाते, १६,००० च्या वर गेल्यास साधारणपणे हक्कच उरत नाही. राहते घर मोजत नाहीत; पण दुसरे घर मोजतात. त्याच्या किमतीतून विक्रीचा खर्च म्हणून दहा टक्के आणि त्यावरील कर्ज तेवढे वजा होते. त्या घरात वृद्ध किंवा काम करण्यास असमर्थ असा निकटचा नातलग राहत असेल तर ते सोडून देण्याची माणुसकी कायद्याने ठेवली आहे. मालमत्ता परदेशात असली तरी ती सुटत नाही. साताऱ्याच्या वा ग्वाल्हेरच्या वडिलोपार्जित वाड्यातील हिस्सा, सातबाऱ्यावरील एखादे नाव, हेही तेथे मदत मागणाऱ्या मराठी माणसाने सांगितलेच पाहिजे. ज्या हिश्शाने इकडे भावाभावांत वर्षानुवर्षे वाटणीही झालेली नसते, तो तिकडच्या अर्जात मात्र लिहावा लागतो. तो जाणूनबुजून लपविला तर मिळालेली रक्कम परत करण्याची आणि खटल्याचीही पाळी येते.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. सार्वजनिक पैशातून मदत देताना मागणाऱ्याची ऐपत विचारणे यात अन्याय नाही. रांगेत मागे उभ्या असलेल्याचाही त्या पैशावर आणि त्या घरावर हक्क असतो. १९३१ चा अन्याय प्रश्न विचारण्यात नव्हता. एकत्र राहण्याला आणि काटकसरीला दंड करण्यात तो होता. विचारणाऱ्याने मर्यादा ओळखावी आणि सांगणाऱ्याने काही लपवू नये, या दोन्ही गोष्टी सांभाळल्या गेल्या तरच सरकारी आसरा खऱ्या गरजवंताच्या वाट्याला येतो.