विलायतेची वाट आणि खर्चाची वही

समुद्र ओलांडून शिकायला जाण्याची ओढ हिंदुस्थानात आधी सरकारी नोकरीपायी लागली. मुलकी सेवेची परीक्षा १८५५ पासून खुली झाली, पण ती होई फक्त लंडनमध्ये. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर तीत निवडले गेले आणि वाट असल्याचे दिसले. नंतर उमेदवारांच्या वयाची कमाल मर्यादा उतरत १८७८ मध्ये १९ वर आली. म्हणजे मिसरूड फुटायच्या आत मुलाला बोटीवर चढवणे आले. बॅरिस्टरीची वाट त्या मानाने सोपी. तिथे परीक्षेइतकेच महत्त्व वकिलांच्या ‘इन’ या संस्थेत ठरलेल्या संख्येने जेवणे घेण्याला होते, आणि शाकाहारी विद्यार्थ्यालाही त्या पंगतीत हजेरी लावावीच लागे.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन प्रवास काही आठवड्यांवर आला. समुद्रगमनाचा दोष लागलेल्यांनी परतल्यावर पंचगव्य घ्यावे की नाही, यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. पण प्रायश्चित्त एका दिवसात उरके. फी, खाणावळ आणि कोळशाचा खर्च वर्षानुवर्षे चाले. त्यामुळे विद्यार्थ्याचे पुढे काय होणार हे धर्मशास्त्र्यांपेक्षा पैसे देणाऱ्याने अधिक ठरवले.

आनंदीबाई जोशी यांच्या बाबतीत हे पहिल्या पत्रापासून दिसते. पोस्टात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशींनी अमेरिकी मिशनऱ्यांकडे मदत मागितली, तेव्हा उत्तरात धर्मांतराची अपेक्षा होती. ती मान्य नव्हती. तो पत्रव्यवहार मिशनच्या नियतकालिकात छापून आला, न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि परक्या मुलीला घर देऊ केले. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जाहीर भाषणात आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन असे सांगितले, आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या निघाल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षे त्यांनी काढली ती लुगड्यात, शाकाहारावर आणि न सोसणाऱ्या थंडीत. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूकही झाली होती. पण क्षयाने त्यांना तिथे रुजू होऊ दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या, वय बाविसाव्या वर्षात अडकलेले.

बाईने शिकायचे म्हटले की पैशाच्या नियमांना नवे फाटे फुटत. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून अव्वल आल्या, पण इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना स्त्री म्हणून नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडली ती १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. लग्नाच्या गाजलेल्या खटल्यातून सुटलेल्या रखमाबाईही १८८९ मध्येच लंडनच्या स्त्री-वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या, त्याही वर्गणीच्या बळावर.

सरकारी पैसा सरळ मिळाला तर काय होई, याचे उदाहरण रँग्लर परांजपे. फर्ग्युसनचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणितात पहिले आले. त्या आकड्याने महाराष्ट्राला इतका आनंद झाला की ‘रँग्लर’ ही पदवी नावाचाच भाग बनून गेली. पण ते परतले ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन, महिना ७५ रुपयांवर.

सरकारच्या पैशाला उत्तर म्हणून निराळा पैसा उभा राहिला. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाऊस उघडले आणि विद्यार्थ्यांना वृत्ती देऊ केल्या. अट एकच: ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकरांना शिवाजी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०६ मध्ये ते ग्रेज इनमध्ये दाखल झाले. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रांनी ब्रिटिश अधिकारी कर्झन वायलींना गोळ्या घातल्या, त्या दिवसापासून लंडनमधला प्रत्येक हिंदी विद्यार्थी संशयाच्या नजरेखाली आला. सावरकरांना इनने सनद दिली नाही. त्याच वर्षी सरकारने विद्यार्थ्यांसाठी शैक्षणिक सल्लागार नेमला आणि पुढच्या वर्षी क्रॉमवेल रोडवर उतरण्याचे घर सुरू केले. ही सोय होती की पहारा, यावर विद्यार्थ्यांचे एकमत नव्हते. बहुतेकांना पहाराच वाटला.

ज्यांच्यामागे सरकारही नव्हते आणि संस्थानिकही नव्हते, त्यांच्यासाठी अमेरिकेचा पश्चिम किनारा बरा होता. तिथे उन्हाळ्यात मळ्यांत राबून वर्षाची फी जमवता येई. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे असेच मजुरी करत शेतकी शिकले. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे शिकायला गेले, गदर चळवळीत ओढले गेले आणि १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेले.

भीमराव आंबेडकरांच्या शिक्षणात हे सगळे ताण एकत्र येतात. सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची वृत्ती दिली; बदल्यात दहा वर्षे बडोद्यात नोकरी करायचा करार होता. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला पोचले. तिथे पाय रोवतात न रोवतात तोच वृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. निराळ्या बोटीतून येणारे त्यांचे सामान महायुद्धात पाणतीराने बुडाले, पुस्तकांसकट. करारानुसार ते बडोद्याला गेले, पण कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला गावात खोली मिळेना. पारशी वसतिगृहातूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले.

सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राचे कर्ज, एवढ्या भांडवलावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसायचे आणि रात्री भूक लागली की भाजलेल्या पापडावर भागवायचे, असा क्रम होता. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला, तोवर पैसे संपत आले होते. त्यांनी मुंबईत येऊन तो दुरुस्त केला आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली.

जिच्यापायी ही ओढ लागली, ती मुलकी सेवेची परीक्षा १९२२ पासून हिंदुस्थानातही होऊ लागली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ मध्ये सुरू झाली, आणि पुढे महाराष्ट्र सरकारने राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपली योजना काढली. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे दहा नंबरचे घर, जिथे आंबेडकर भाड्याने राहत होते, ते २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून स्थानिक परिषदेने तिथे संग्रहालय चालवण्यास हरकत घेतली होती. परवानगी मिळाली ती २०२० मध्ये.