धुकें आणि यंत्राचा डोळा

खानदेशचें नांव काढलें कीं परप्रांतीयांच्या डोळ्यांपुढें वैशाखाचें ऊन उभें राहतें. परंतु ज्यानें मार्गशीर्ष-पौषांतील पहाट तापीच्या किंवा गिरणेच्या कांठीं काढली आहे, त्यास आमच्या प्रांताचें दुसरेंही रूप ठाऊक असतें. रात्रीं पारा दहा अंशांच्या खालीं उतरूं लागला म्हणजे रावेर-यावलकडील शेतकरी केळीच्या बागा गारठूं नयेत म्हणून ओला काडीकचरा पेटवून धूर करतात. त्या धुरांत नदीवरचें धुकें मिसळलें कीं हाकेच्या अंतरावरचें झाडही दिसेनासें होतें. उत्तर हिंदुस्थानांतल्यासारखें दिवसेंदिवस टिकणारें धुकें येथें पडत नाहीं. आणि म्हणूनच तें आमच्या अंगवळणींही पडलेलें नाहीं.

गेल्या पौषांत धुळ्याहून जळगांवास पहाटे निघण्याचा प्रसंग आला. भाच्यानें नवी मोटार घेतली होती. तिच्या कपाळावर कॅमेरा आणि नाकांत रडार. पुढची गाडी थांबली तर ही आपण होऊन थांबते, पट्टा सोडूं लागली तर हातांतलें चाक आपण होऊन वळवते. “मामा, तुम्ही निवांत बसा, गाडीला डोळे आहेत,” असें तो पारोळ्यापर्यंत दोनदां म्हणाला. एरंडोल मागें पडलें, गिरणा जवळ आली आणि धुकें एकाएकीं दाटलें. समोरच्या पडद्यावर एक पिवळी ओळ उमटली : कॅमेऱ्यास दिसत नाहीं, साहाय्य तूर्त बंद. ती वाचण्यासाठीं त्यानें मान खालीं केली, आणि तेवढ्यांत कापसानें भरलेली, मागें दिवा नसलेली एक ट्रॉली त्या पांढऱ्या पडद्यांतून पुढें आली. भाच्याचा पाय वेळेवर पडला. दोन वाहनांमध्यें चार हातांचें अंतर उरलें. कोणास इजा झाली नाहीं. पण जळगांव येईपर्यंत आम्ही दोघेही बोललों नाहीं.

दोष यंत्राचा होता असें मला म्हणवत नाहीं. त्यानें आपली असमर्थता प्रामाणिकपणें सांगितली होती. तें सांगेपर्यंत पाहण्याचें काम आम्हींच सोडून दिलें होतें, ही गोष्ट मात्र मनाला लागून राहिली.

चालकास साहाय्य ही कल्पना आपण समजतों तितकी नवी नाहीं. मुंबई-आग्रा रस्त्यानें लळिंगावरून धुळ्याकडे रात्रींच्या बैलगाड्या चालत, तेव्हां गाडीवान पुष्कळदां कासरा सैल सोडून झोपीं जाई. आंसाखालीं कंदील झुले आणि बैल वाट ओळखून चालत. बैल वाट केवळ डोळ्यांनीं पाहत नसे. पायांनीं, नाकानें आणि सवयीनेंही पाही. शिवाय त्याचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच. चूक झाली तरी ती सुधारण्यास अवधि असे.

हा अवधि आगगाडीनें हिरावून घेतला. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेला लोहमार्ग पुढील दशकांत खानदेशांतून भुसावळच्या पलीकडे गेला आणि १८७० सालीं त्या वाटेनें मुंबई व कलकत्ता जोडलीं गेलीं. भरधांव गाडी थांबण्यास शेंकडों मीटर लागतात. धुक्यांत सिग्नल दिसतो तो अगदीं जवळ आल्यावर. ह्या अडचणीवर एडवर्ड काउपर नामक इंग्रज अभियंत्यानें १८४१ सालीं तोड काढली. रुळावर फटाका ठेवावयाचा. चाकाखालीं तो फुटला कीं डोळ्यांस जें दिसलें नाहीं तें कानांस कळावें. आपल्या रेल्वेच्या नियमांतही सिग्नलच्या बाहेर निदान २७० मीटरांवर, सुमारें दहा मीटरांच्या अंतरानें, असे दोन फटाके ठेवण्याची तरतूद आहे. पण मला त्याहूनही अर्थपूर्ण वाटते ती दुसरी तरतूद. स्टेशनापासून १८० मीटरांवरची एक ठरलेली खूण स्टेशनमास्तरानें पाहावयाची; ती दिसेनाशी झाली कीं धुक्याचे नियम लागू. म्हणजे आपणांस दिसत नाहीं हें अपघातानें नव्हे, तर परीक्षेनें ठरवावयाचें!

मोटारीच्या नाकांतील रडाराचा जन्मही धुक्याच्याच भीतींतून झाला आहे. १९०४ सालीं ख्रिश्चन ह्युल्समायर ह्या जर्मन संशोधकानें कलोन येथें ऱ्हाइन नदीवर विद्युल्लहरींच्या प्रतिध्वनीनें जहाज ओळखण्याचें यंत्र दाखविलें. धुक्यांत जहाजांच्या टकरी होऊं नयेत हा त्याचा हेतु. त्याला त्या वेळीं गिऱ्हाईक मिळालें नाहीं. पुढें १९३५ नंतर युद्धाच्या छायेंत त्याच तत्त्वाची महती जगास पटली. त्याच्याही आधीं, १८९५ च्या सुमारास, जगदीशचंद्र बोस ह्यांनीं कलकत्त्यास पांच-सहा मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून त्यांचे गुणधर्म तपासले होते. आजच्या मोटारींतील रडाराची लहर सुमारें चार मिलिमीटरांची असते, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या संशोधनाची दूरदृष्टि पाहून अभिमान वाटतो.

मग असें रडार असतां आमची मोटार आंधळी कां झाली? धुक्याचा थेंब मिलिमीटराच्या शंभराव्या भागाएवढा असतो. प्रकाशाची लहर त्याहून किती तरी सूक्ष्म. म्हणून प्रकाश थेंबाथेंबावर विखुरतो आणि कॅमेरा व लेसर-किरणांचा डोळा दोन्ही मंदावतात. रडाराची लहर थेंबाच्या शेंकडों पट लांब असल्यामुळें ती धुक्यांतून सहज निघून जाते. परंतु रडाराच्या झांकणावर चिखल बसला, पाण्याचा थर सांचला किंवा थंड देशांत बर्फ चिकटलें तर तेंही अडखळतें. शिवाय पूल, पाट्या, खांब सारेच प्रतिध्वनि देत असल्यामुळें वेगांत असतांना पुष्कळ यंत्रणा उभ्या वस्तूंस महत्त्व देत नाहींत. आणि कित्येक मोटारींत कॅमेरा व रडार ह्या दोन साक्षीदारांपैकीं एक मुका झाला कीं न्यायालयच बंद होतें. आमच्याकडे बर्फ नाहीं. पण कांचेवर दहिंवर आहे, धूळ आहे, आणि धुळें-जळगांव रस्ता पूर्व-पश्चिम असल्यामुळें हिवाळ्यांत सकाळ-संध्याकाळ समोरून येणारें तिरपें ऊनही आहे.

तात्पर्य, साहाय्याची गरज ज्या घटकेस सर्वांत अधिक, त्याच घटकेस तें निघून जाण्याचा संभव सर्वांत अधिक. ताशीं ८० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदांत २२ मीटर धांवते. पडद्यावरची ती ओळ वाचण्यास दोन सेकंद लागले, तर ४४ मीटर वाट कोणीही न पाहतां सरली. आगगाडीच्या व्यवस्थेंत तीन गोष्टी होत्या : आंधळेपणाची आगाऊ परीक्षा, वेगास आवर, आणि डोळ्याऐवजीं दुसरें इंद्रिय. उत्तरेकडील गाड्यांत आतां उपग्रहांच्या साहाय्यानें पुढचा सिग्नल किती दूर आहे हें सांगणारें यंत्र ड्रायव्हरजवळ असतें. तरी फटाके गेले नाहींत, वेगमर्यादाही गेली नाहीं. दिल्लीकडील गाडी हिवाळ्यांत उशीरां आली कीं जळगांवच्या फलाटावर आपण कुरकुरतों. तो उशीर म्हणजे कोणीतरी आपलें अज्ञान वेळीं कबूल केल्याची खूण होय, हें मात्र विसरतों. रस्त्यावर असा स्टेशनमास्तर नाहीं. तेथें ती खूण ज्याची त्यानेंच पाहावयाची आहे.

परततांना भाच्यानें निघण्यापूर्वीं कॅमेऱ्यापुढील कांच स्वच्छ पुसली. गाडी चालूं लागल्यावर तो म्हणाला, “मामा, समोर कुठपर्यंत दिसतंय, तें तुम्हीही सांगत चला.” मग जळगांवापासून धुळ्यापर्यंत आम्ही दोघेही रस्ता पाहत आलों.