सांध्याची कसोटी

सोलापूर म्हटले की चादरी आणि गिरण्या डोळ्यांपुढे येतात. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली. पुढे ती 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली गेली, आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. परंतु गिरणीला बळ देणारी वाफ ज्या बॉयलरात कोंडलेली असे, त्याच्या सांध्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो आज करावयाचा आहे.

त्या काळी बॉयलरचे पत्रे रिबिटांनी जोडीत. तपासनीस रिबिटावर हातोडी मारून पाही. घट्ट रिबिट खणखणीत वाजे, सैल रिबिट बद्द. दोष असा कानाला कळे. तरीही अनर्थ टळत नसत. १८६३ साली कलकत्त्यास बॉयलर फुटून कित्येक माणसे दगावली, तेव्हा पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. इतर प्रांतांनीही आपापले कायदे केले. परंतु नियम प्रांतागणिक निराळे. अखेर १९२३ साली सर्वांसाठी एकच कायदा आला. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे.

दरम्यान रिबिट मागे पडले आणि वेल्डिंग आले. विजेच्या प्रखर ज्योतीने दोन पत्र्यांच्या कडा वितळवून त्या एकजीव करावयाच्या, ही ती विद्या. सांधा हलका आणि मजबूत होतो खरा. पण त्याचा दोष पोटात राहतो. वरून सुबक दिसणाऱ्या सांध्यात पोकळी किंवा मळी दडलेली असू शकते. येथे हातोडी मुकी होते. म्हणून केवळ सांधा तपासून भागेना. तो करणाऱ्या हाताचीही परीक्षा घेणे प्राप्त झाले.

१९५० साली भारतीय बॉयलर विनियम तयार झाले. वेल्डरच्या परीक्षेला त्यांत स्वतंत्र प्रकरण मिळाले. उमेदवाराने नमुन्याचा सांधा करावयाचा. मग त्याच्या पट्ट्या कापून त्या वाकवून पाहावयाच्या. तडा गेला, की उमेदवार नापास. आडव्या पत्र्यावर उत्तीर्ण झालेल्याने डोक्यावरचा सांधा करू म्हटले, तर त्याची कसोटी निराळी. आंतरराष्ट्रीय प्रमाणांप्रमाणे तर सहा महिने हात थांबला, तरी पात्रतेला बाध येतो. मिळालेले प्रशस्तिपत्र म्हणजे जन्मभराचे वतन नव्हे.

आणि परीक्षकाचे काय? त्यालाही सूट नाही. अमेरिकेत १९७६ पासून वेल्डिंग निरीक्षकांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते, आणि त्यात दृष्टीही तपासली जाते. ज्याच्या नजरेवर इतरांचे प्राण अवलंबून, त्याची नजर प्रथम पारखावी, हे न्यायाचेच आहे.

हा प्रश्न सोलापुराला आज अधिकच जवळचा झाला आहे. गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या लँकेशायर धाटणीच्या बॉयलरात वाफेचा दाब साधारणपणे हवेच्या दाबाच्या दहाबारा पट असे. शहराजवळ फताटेवाडी येथे आज ६६० मेगावॉटचे दोन वीजसंच आहेत. त्यांच्या बॉयलरांत तो दोनशेवीस पटींच्याही वर जातो. अशा बॉयलरात नळ्यांचे सांधे हजारोंनी असतात, आणि प्रत्येक सांध्यामागे कोणा एकाचा हात असतो. घरात दिवा लागतो तेव्हा तो हात आपल्याला दिसत नाही. म्हणूनच त्याची परीक्षा कडक असावी. आणि ती उत्तीर्ण होणाऱ्या कारागिराला, वैद्याला किंवा वकिलाला देतो तोच मान आपण द्यावा.