साप्ताहिकाची संहिता : ब्रिटनमधील ‘ट्रान्सफॉर्मर्स’ आणि त्याचे प्रौढ वाचक

बालपणी वाचलेल्या नियतकालिकाचे जुने अंक प्रौढपणी पुन्हा उघडणे ही सामान्यतः स्मरणरंजनाची बाब समजली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिकडे लक्ष द्यावे असे तीत काही असेल, असे सहसा कोणास वाटत नाही. ब्रिटनमध्ये १९८४ ते १९९२ या काळात निघालेल्या ‘द ट्रान्सफॉर्मर्स’ या यंत्रमानवांच्या चित्रकथा-नियतकालिकाच्या बाबतीत हा समज तपासून पाहणे अगत्याचे ठरते. या नियतकालिकाचे ३३२ अंक निघाले. ज्या मुलांनी ते सात-आठ वर्षांच्या वयात वाचले ती आता चाळिशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यातील काहींनी हे अंक पुन्हा क्रमाने लावून वाचताना जे काम केले, त्यास पाठचिकित्सा याखेरीज दुसरे नाव देणे कठीण आहे.

ब्रिटिश मुलांच्या हाती यंत्रमानव यापूर्वीच आला होता. १९५२ साली सुरू झालेल्या ‘लायन’ या साप्ताहिकात आर्ची नावाचा यंत्रमानव होता. १९७७ साली निघालेल्या ‘२००० एडी’ने अशा पात्रांची रेलचेल केली. या साऱ्या साप्ताहिकांचा धर्म एकच होता. ती स्वस्त कागदावर छापली जात, कोपऱ्यावरच्या वृत्तपत्रविक्रेत्याकडून घेतली जात आणि पुढचा अंक आला की मागचा रद्दीत जाई. ज्याचा खप उतरे ते साप्ताहिक दुसऱ्या साप्ताहिकात विलीन करून टाकण्याची रीत होती. जपून ठेवण्यासाठी म्हणून यांतील काहीही निर्माण झाले नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावी लागेल.

‘ट्रान्सफॉर्मर्स’चे मूळ मात्र साहित्यात नसून बाजारपेठेत आहे. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी-कंपनीने जपानच्या ताकारा कंपनीची, मोटार अगर विमान यांचे रूप घेणारी यंत्रमानवांची खेळणी आपल्या देशात विकावयाचे ठरविले आणि त्यांना नावे, स्वभाव व पूर्वेतिहास देण्याचे काम मार्व्हल या चित्रकथा-प्रकाशकाकडे सोपविले. जिम शूटर यांनी कथेचा आराखडा केला. डेनी ओ’नील यांनी नायकाला ऑप्टिमस प्राइम हे नाव दिले. बहुतेक इतर पात्रांचे बारसे बॉब बुडियान्स्की यांनी केले. अमेरिकन मासिक १९८४ साली निघाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मार्व्हलच्या लंडनमधील शाखेने त्याची ब्रिटिश आवृत्ती पाक्षिक म्हणून सुरू केली. सप्टेंबर १९८५ मध्ये, २७ व्या अंकापासून, तिचे साप्ताहिक झाले.

येथे एका साध्या हिशेबाने इतिहासाला वळण दिले. अमेरिकन मासिकाच्या अंकात सुमारे बावीस पृष्ठांची कथा असे. ब्रिटिश साप्ताहिकाला दर आठवड्यास अकरा पृष्ठे लागत. म्हणजे एक अमेरिकन अंक दोन आठवडे पुरे, वर्षाचे बारा अंक चोवीस आठवडे. उरलेल्या अठ्ठावीस आठवड्यांचे काय करावयाचे? पाक्षिक असतानाच ही टंचाई जाणवू लागली होती; नवव्या अंकापासून स्टीव्ह पार्कहाउस यांनी लिहिलेली ‘मॅन ऑफ आयर्न’ ही खास ब्रिटिश कथा त्यासाठीच आली. इंग्लंडमधील एक जुना किल्ला, त्याच्या परिसरात अकराव्या शतकात दिसलेला लोहपुरुष आणि जमिनीखाली पुरलेले अंतराळयान असा तिचा विषय होता. कथा लहानच, पण तिने अमेरिकेत चाललेले युद्ध इंग्रज मुलाच्या घराच्या परसात आणून सोडले. तिच्यामागोमाग १३ व्या अंकापासून सायमन फर्मन लिहू लागले, आणि ती पोकळी भरण्याचे काम पुढे प्रामुख्याने त्यांच्याकडेच राहिले.

फर्मन यांच्यापुढील अडचण साधी नव्हती. त्यांच्या कथेच्या आधी व नंतर अमेरिकेतून आलेले प्रकरण असे, आणि त्या प्रकरणात काय असावे यावर त्यांचा अधिकार नव्हता. पात्राला जेथून उचलले तेथेच, त्याच अवस्थेत, परत आणून ठेवावे लागे. लहान वाचकाला यांतील काहीच दिसत नसे. दोन आठवड्यांनी रेखाटनाची ढब बदलते, एवढे फार तर जाणवे. त्याच्या दृष्टीने ती एकच सलग कथा होती. प्रौढ वाचकाला प्रथम दिसतात ते हे सांधे. ज्या ठिकाणी बालवाचकाला केवळ उत्कंठा होती, त्या ठिकाणी प्रौढाला एका खंडातील लेखकाने दुसऱ्या खंडातील लेखकाच्या मजकुरासाठी करून ठेवलेली तजवीज दिसते.

याचे उत्तम उदाहरण ऑप्टिमस प्राइमच्या मृत्यूचे आहे. बुडियान्स्की यांच्या कथेत प्राइम आणि त्याचा वैरी मेगाट्रॉन संगणकावरील एका खेळात झुंजतात. जिंकण्याच्या भरात त्या खेळातील निरपराध जिवांचा आपल्या हातून बळी गेला म्हणून प्राइम स्वतःला पराभूत समजतो आणि आपला नाश करवून घेतो. ब्रिटनमध्ये ही कथा १०५ व १०६ या अंकांत, १९८७ च्या प्रारंभी आली. केवळ चित्रांतल्या जिवांसाठी नायकाने मरावे, हे अनेक वाचकांना तेव्हाही चमत्कारिक वाटले आणि आजही वाटते. परंतु ब्रिटिश मुलाने तत्पूर्वीच्या आठवड्यांत फर्मन यांची ‘प्रे’ ही कथा वाचलेली होती. तीत प्राइम आपल्या अनुयायांना आपल्यावाचून लढता यावे म्हणून स्वतःच्या मृत्यूचे सोंग करावयाचे ठरवितो. स्वतःच्या मरणाचा विचार मनात घोळविणारा हा नायक पुढे मरणाला इतक्या सहज का सामोरा गेला, याचा उलगडा केवळ अमेरिकन संहिता वाचणाऱ्याला होत नाही. येथे भर घातलेला मजकूर मूळ मजकुराचा अर्थ बदलून टाकतो.

सर्वच सांधे इतके सफाईने जुळले नाहीत. अमेरिकन कथेत प्राइमपाठोपाठ मेगाट्रॉनही संपला. ब्रिटिश संपादकांना तो हवा होता, म्हणून १९८७ मध्येच त्यांनी त्याला लंडनच्या भूमीवर पुन्हा उभे केले. पुढे अमेरिकन मासिकातही तो परतला, पण त्यास कारण निराळे दिले गेले. आता ब्रिटिश साप्ताहिकात दोन मेगाट्रॉन झाले. फर्मन यांनी १९८९ मधील एका कथेत, जिचे नावच ‘टू मेगाट्रॉन्स’ आहे, त्यांतील एक ही नक्कल होती असे ठरवून प्रश्न निकालात काढला. पुराणांतील परस्परविरोधी कथांची संगती लावणाऱ्या टीकाकारांनी कल्पभेदाचा आधार घेतला, त्याचीच ही धाकटी आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. विसंगती पुसून न टाकता तिच्यासाठी नवी कथा रचावयाची, ही वृत्ती दोहींकडे सारखीच आहे.

याहून लक्षणीय आहे तो प्रवाहाच्या उलट दिशेने झालेला प्रवास. ‘मॅन ऑफ आयर्न’ ही कथा १९८७ साली अमेरिकन मासिकाच्या ३३ व ३४ या अंकांत छापली गेली; उसनवारीने चालणाऱ्या आवृत्तीकडूनच मूळ आवृत्तीने उसने घेतले. १९८९ साली ५६ व्या अंकापासून अमेरिकन मासिकाचे लेखनही फर्मन यांच्याकडे आले. त्यापूर्वीच, १९८८ च्या आरंभी, ब्रिटिश साप्ताहिकाच्या १५० व्या अंकात त्यांनी यंत्रमानवांच्या उत्पत्तीची एक कथा रचली होती : प्रायमस नावाच्या देवतेने युनिक्रॉन या संहारकर्त्याला रोखण्यासाठी हा वंश निर्माण केला. ही उत्पत्तिकथा फर्मन यांच्याबरोबर अमेरिकन संहितेत गेली आणि पुढे हॅस्ब्रोच्या अधिकृत पुराणाचाच भाग झाली. रिकाम्या आठवड्यांसाठी लिहिलेला प्रक्षेप अशा रीतीने मूळ पाठात जाऊन बसला. महाभारताच्या हस्तलिखितांची कुळे लावताना पुण्याच्या भांडारकर संस्थेतील संपादकांना ज्या प्रश्नाशी झुंजावे लागले, त्याच्याशी याची तुलना करणे विषयाच्या आकारमानाकडे पाहता धारिष्ट्याचे होईल. प्रश्नाची जात मात्र तीच आहे.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. ज्या कथेचा मूळ हेतू खेळणी खपविणे हा होता तिच्यात एवढा अर्थ शोधणे म्हणजे जाहिरातीचे भाष्य करणे नव्हे काय? पुनर्वाचन करणारेही या आक्षेपापासून सुटलेले नाहीत, किंबहुना तो त्यांनाच सर्वांत अधिक बोचतो. अंक पुन्हा वाचताना कोणते पात्र कोणत्या महिन्यात आणि का अवतरले हे उघडे पडते : दुकानात नवी खेळणी आली की कथेत नव्या यंत्रमानवांची पलटण येई. परंतु नव्या मालाची ओळख करून देण्याचा भार मुख्यतः अमेरिकन प्रकरणांनी वाहिला. ब्रिटिश कथांना त्यातून जो मोकळेपणा मिळाला त्याचा उपयोग फर्मन व जेफ सीनियर, विल सिंप्सन यांसारख्या चित्रकारांनी भय, अपराध आणि पराभव यांच्या कथा सांगण्यासाठी केला. मे १९८७ मध्ये ११३ व्या अंकात आलेला डेथ्स हेड हा भाडोत्री शिकारी तर कोणत्याही खेळण्यावरून घेतलेला नव्हता. त्याचा स्वामित्वहक्क खेळणी-कंपनीकडे जाऊ नये यासाठी मार्व्हलने त्याची एक पृष्ठाची स्वतंत्र कथा करवून घेतली, असे सांगितले जाते. व्यापाराने घातलेल्या कुंपणात एवढी फट असू शकते, आणि मुलांची मने त्या फटीत गुंतली, हे मान्य करण्यास प्रत्यवाय नसावा.

काळाचा एक विनोदही येथे नोंदविण्यासारखा आहे. १९८६ च्या शरदात ‘टार्गेट : २००६’ ही दीर्घकथा ७८ ते ८८ या अंकांत आली. वीस वर्षांनंतरच्या भविष्यातून गॅल्व्हाट्रॉन १९८६ मध्ये येतो, अशी तिची मांडणी आहे. ज्या चित्रपटातून हे पात्र घेतले तो अमेरिकेत ऑगस्टमध्ये दाखविला गेला, पण ब्रिटनमध्ये डिसेंबरात आला. म्हणजे ब्रिटिश मुलांना चित्रपटाचा परिणाम आधी आणि चित्रपट मागाहून मिळाला. शिवाय चित्रपटातील वर्ष २००५ आहे व साप्ताहिकातील २००६. त्या मुलांनी हे अंक पुन्हा हाती घेतले तोवर २००६ हे साल केव्हाच मागे पडले होते. कथेतील भविष्य वाचकाचा भूतकाळ झाला, आणि अंकातील ‘आज’ हाच आता दूरचा वाटू लागला.

जानेवारी १९९२ मध्ये ३३२ व्या अंकाने साप्ताहिक बंद झाले. त्याच्या अखेरच्या वर्षांत पुनर्मुद्रित कथाच अधिक होत्या आणि १९८९ पासून नव्या ब्रिटिश कथांचे रंगही काही काळ गेले होते, त्यामुळे शेवट कोणास अनपेक्षित वाटला नसेल. वाचकांनी मात्र ते मिटून ठेवले नाही. ‘ट्रान्समास्टर्स यूके’ या वाचकमंडळाच्या हस्तपुस्तिकांतून कथा, सूची आणि वाद चालू राहिले. त्या मंडळातील जेम्स रॉबर्ट्स यांनी २००१ साली ‘युजेनेसिस’ ही कादंबरी स्वतःच प्रसिद्ध केली. २०१२ पासून ते आयडीडब्ल्यू या प्रकाशनाच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ मासिकाचे लेखक झाले. आयडीडब्ल्यूने २०११ पासून ब्रिटिश कथांचे जे खंड काढले त्यांना विस्तृत टिपणे जोडण्याचे कामही त्यांनीच केले. वाचकाचा टीकाकार आणि टीकाकाराचा ग्रंथकार होण्याची ही परंपरा जुन्या वाङ्मयाच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

त्या खंडांविषयी मात्र एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. त्यांत ब्रिटिश कथा एकत्र आल्या व अमेरिकन कथा वेगळ्या मालिकेत राहिल्या. प्रकाशकाच्या दृष्टीने हे सोयीचे होते. इतिहासाच्या दृष्टीने यामुळे जे कधीच अस्तित्वात नव्हते असे पुस्तक तयार झाले. कोणत्याही मुलाने या कथा त्या क्रमाने वाचल्या नव्हत्या. फर्मन यांनी ज्या सांध्यांसाठी लिहिले ते सांधे खंडात नाहीतच, कारण पलीकडचा तुकडाच तेथे नाही. शिवाय साप्ताहिकात मुख्य कथेखेरीज ‘मशीन मॅन’सारख्या जोडकथा होत्या, ल्यू स्ट्रिंगर यांची ‘रोबो-केपर्स’ व ‘कॉम्बॅट कॉलिन’ ही विनोदी चित्रे होती आणि मुलांच्या पत्रांचे पान होते. त्या पानावर संपादक स्वतःच्या नावाने उत्तरे देत नसत. प्रारंभी साउंडवेव्ह, मग मोडक्या बोलीत ग्रिमलॉक, मग सदा खिन्न ड्रेडविंड असे यंत्रमानवच उत्तरे देत. ‘अमुक अंकात असे म्हटले होते, मग आता तसे कसे?’ अशा प्रश्नांची सुरुवात याच पानावर झाली. पुढच्या पाठचिकित्सेचे बीज तेथे असताना नेमके तेच पान पुनर्मुद्रणातून गळावे, ही हानी लहान नव्हे. म्हणूनच खंड विकत घेतलेले वाचकही जुने सुटे अंक शोधत राहतात.

ब्रिटनमधील कायद्याने प्रत्येक प्रकाशनाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जाते, त्यामुळे कोरे, न उघडलेले अंक संशोधकाला मिळू शकतात. वाचलेल्या अंकाचे वेगळेपण मात्र तेथे सापडत नाही. त्या काळच्या ब्रिटिश साप्ताहिकांत वृत्तपत्रविक्रेत्याला देण्यासाठी एक चिठ्ठी छापलेली असे : दर आठवड्याला माझी प्रत राखून ठेवावी, असा मजकूर आणि खाली नाव-पत्ता लिहिण्यास रेघा. अशी चिठ्ठी कापून घेतलेली प्रत संग्राहकांच्या बाजारात सदोष ठरते आणि तिची किंमत उतरते; मागच्या पानावरील मजकूरही तेवढा गेलेला असतो. परंतु ती मोकळी चौकट हाच त्या प्रतीवरील एकमेव असा पुरावा आहे की, एक मूल कात्री घेऊन बसले होते आणि पुढच्या आठवड्याचा अंक त्याला चुकवावयाचा नव्हता.