एक पुणे, चार ओळी: विकीतल्या तक्त्यांबद्दल थोडं

मागच्या वर्षी आम्ही चौघांनी पेशवेकालीन पत्रांची सूची विकीवर करायला घेतली. दोन महिन्यांनी पाहतो तर पुणे चार ओळींत: पुणे, पुणें, पूना, कसबे पुणे. ते निस्तरता आलं. खरं नुकसान तारखांचं झालं. शुहूर सन मृग नक्षत्रापासून सुरू होतो, म्हणून इसवी सन काढताना कधी ५९९ तर कधी ६०० मिळवावे लागतात. आमच्यातल्या एकाने नुसता इसवी सन ठेवला आणि मूळ सन गाळला. विकीत जुन्या आवृत्त्या राहतात हे खरं, पण त्याने हे सगळं एक्सेलमध्ये उरकून मगच तक्ता चिकटवला होता. मग काय, रुमाल पुन्हा सोडले!

तुमचंही असं होऊ शकतं, कारण विकी मुळात तक्त्यांसाठी नव्हतीच. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी खुली केली, तेव्हा त्यात पानं आणि दुवे एवढंच होतं. २००१ मध्ये विकिपीडिया आला, पुढे माहितीचौकटी आल्या, पण प्रत्येक भाषेची चौकट वेगळी. इंग्रजीत शहराची लोकसंख्या बदलली तरी मराठीत जुनाच आकडा. २००५ मध्ये आलेल्या सिमँटिक मीडियाविकीने मजकुरातच 'हे जन्मवर्ष, हे गाव' अशी खूण करायची सोय दिली.

२९ ऑक्टोबर २०१२ ला विकिडेटा सुरू झालं. तिथे नावावरून ओळख ठरत नाही. मुंबई म्हणा, बॉम्बे म्हणा, नोंद एकच: क्यू११५६. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने बघावं ते वेगळंच. तिथे एकाच गोष्टीबद्दल दोन न जुळणारी विधानं शेजारी शेजारी राहू शकतात, प्रत्येकाला आपापला संदर्भ. कोण बरोबर हे आधी ठरवावं लागत नाही. तारीख ज्युलियन की ग्रेगोरियन हेही नोंदवता येतं. शुहूर सनाला मात्र खण नाही, तो आपला आपणच करायचा.

आम्ही तो केला. आता गावाला क्रमांक आहे, आणि तारखेला तीन रकाने: पत्रातला सन जसाच्या तसा, त्यावरून काढलेला इसवी सन, आणि तो कुणी काढला. काही पत्रांत महिनाच वाचता येत नाही. त्यांच्यापुढचा मधला रकाना कोरा ठेवलाय.